कांद्याला एक रात्र, धुराला दहा वर्षं

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात, बॉयलर विभागात, माझी सगळी नोकरी झाली. आता निवृत्त आहे, जेल रोडला राहतो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून काही जण मला पर्यावरणवाला ठरवतील आणि काही जण कोळसावाला. माझ्या मुलांची शिक्षणं कोळशावर झाली आणि राखही मी भरपूर खाल्ली. तेव्हा दोन्ही शिक्के मला चालतील.

राष्ट्रीय ऊर्जा धोरण, हवामान धोरण असले शब्द आमच्या कंट्रोल रूममध्ये कोणी उच्चारत नसे. आमच्याकडे यायची ती अधिसूचना. सरकारने विजेबद्दल आणि हवामानाबद्दल खरोखर काय ठरवलंय, हे परदेशातल्या परिषदेतल्या भाषणापेक्षा अशा चार पानी कागदात जास्त कळतं. आणि त्या कागदावरच्या तारखेचं पुढे काय झालं हे पाहिलं, की उरलेलंही कळतं. मला अशा दोन अधिसूचनांबद्दल लिहायचं आहे. योगायोगाने दोन्ही ७ डिसेंबरच्या आहेत. एक २०१५ ची, दुसरी २०२३ ची.

पहिली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची. कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांच्या धुरात काय किती असावं, याच्या नव्या मर्यादा तिने घातल्या. आमच्यासारख्या २००४ पूर्वीच्या आणि ५०० मेगावॅटहून लहान वीजनिर्मिती संचांना सल्फर डायऑक्साइडसाठी एका घनमीटरला ६०० मिलिग्रॅमची मर्यादा आली. मुदत दोन वर्षांची. धुरातला गंधक काढायचा तर सर्वसाधारण पद्धत अशी, की चुनखडीचं पातळ मिश्रण धुरावर फवारायचं. गंधक चुन्याला धरतो आणि जिप्सम तयार होतं. या यंत्रणेला एफजीडी म्हणतात. तिला जागा लागते, पाणी लागतं, जोडणीसाठी संच बंद ठेवावा लागतो, आणि पैसा तर लागतोच. देशभरच्या शेकडो संचांवर हे काम दोन वर्षांत होणार नाही, हे कोणत्याही फोरमनने चहा पिता पिता सांगितलं असतं.

ती मुदत २०१७ च्या अखेरीस संपायची होती. ती २०२२ पर्यंत गेली. मग १ एप्रिल २०२१ ला प्रकल्पांचे, ते कुठे आहेत त्यावरून, अ, ब, क असे गट पाडले आणि त्यांना अनुक्रमे २०२२, २०२३ आणि २०२४ अखेरच्या तारखा दिल्या. ५ सप्टेंबर २०२२ ला प्रत्येकी दोन वर्षं वाढवली. ३० डिसेंबर २०२४ ला, 'अ' गटाची मुदत संपायला एक दिवस उरलेला असताना, आणखी तीन-तीन वर्षं दिली. आणि ११ जुलै २०२५ ला 'क' गटाला सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून मोकळंच केलं. देशातले जवळपास ७८ टक्के संच त्या गटात मोडतात.

सरकारने दिलेली कारणं मी वाचली आहेत. भारतीय कोळशात गंधक कमी असतो, बहुतेक शहरांच्या हवेत सल्फर डायऑक्साइड मर्यादेत आहे, आणि एफजीडी चालवायलाही वीज, पाणी, चुनखडी लागते. यात तथ्य आहे. आपल्या कोळशात गंधक साधारण अर्धा टक्का आणि राख तीस ते पंचेचाळीस टक्के. आमचं भांडण जन्मभर राखेशीच होतं. पण चिमणीतून गेलेला सल्फर डायऑक्साइड त्याच रूपात राहत नाही. हवेत त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात आणि मग ते मोजले जातात पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांमध्ये. चिमणी उंच असल्याने ते जिथे उतरतात तिथून चिमणी दिसतही नाही. असो, हा वाद तज्ज्ञांनी घालावा. माझा प्रश्न साधा आहे. कोळशात गंधक कमी आहे हे २०१५ साली माहीत नव्हतं का? मग तेव्हाच तसं म्हणायचं होतं. दहा वर्षांत झालं काय, तर ज्यांनी मुदत खरी मानून टेंडरं काढली आणि यंत्रणा उभ्या केल्या त्यांचा खर्च झाला, आणि जे मुदतवाढीची वाट पाहत बसले ते सुटले. पुढच्या अधिसूचनेची तारीख आता कोण खरी मानणार?

दुसरी अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालयाची. ७ डिसेंबर २०२३ ची तारीख, अंमल ८ डिसेंबरपासून. कांद्याची निर्यात बंद.

माझा मेहुणा निफाड तालुक्यात शेती करतो. थोडी द्राक्षं, थोडा कांदा, हे आमच्याकडचं नेहमीचं गणित. २६ नोव्हेंबर २०२३ ला, रविवारी, गारपीट झाली आणि बागेतले घड जाग्यावर फुटले. एका गारपिटीचं खापर हवामानबदलावर फोडायला मी तयार नाही, पण २०१४ च्या गारपिटीनंतर निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार आभाळाकडे ज्या नजरेने बघतात ती आधी नव्हती. द्राक्षाचं गेलं, निदान लाल कांद्यावर हातउसने फिटतील, असा त्याचा हिशेब होता. बारा दिवसांत दिल्लीचा कागद आला. लासलगावला लिलाव थांबले. त्याच वर्षी ऑगस्टच्या १९ तारखेला, शनिवारी, चाळीस टक्के निर्यात शुल्क असंच एका फटक्यात लागलं होतं. बंदी ३१ मार्चपर्यंत म्हणून आली आणि उठली ४ मेला, तीही चाळीस टक्के शुल्क ठेवून. या मुदतवाढीत मात्र कोणाला गटवारी सुचली नाही.

तेव्हा तो मला म्हणाला होता, "दाजी, तुमच्या धुराला पाच-पाच वर्षं वाढवून मिळतात. माझ्या कांद्याला ट्रॅक्टर बाजार समितीत पोचेपर्यंत तरी द्यायची होती."

त्यामुळे केंद्राकडे अधिकार नाहीत किंवा यंत्रणा अपुरी आहे, असं मला कोणी सांगू नये. बंदरावर भरलेले कंटेनर एका रात्रीत थांबवणारी यंत्रणा अपुरी नसते. ग्राहकाच्या ताटातल्या कांद्याचा भाव हा निवडणुकीच्या वर्षात तातडीचा विषय असतो, आणि चिमणीतून काय जातं हा नसतो, एवढाच त्यातला फरक आहे. मुदत कोणती खरी आणि कोणती फक्त लिहायची, हे ठरवणं हेच मुळात धोरण, असं माझं मत झालं आहे.

वीज हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे दिल्ली आणि मुंबई दोघींचा. कागदावर. एकलहऱ्याचा संच राज्याच्या कंपनीचा, पण कोळसा १९७३ च्या राष्ट्रीयीकरणापासून मुख्यतः केंद्राच्या कंपन्यांचा, रेल्वेच्या वाघिणी केंद्राच्या, त्यांचं भाडं केंद्र ठरवणार, धुराचे नियमही केंद्राचे. राज्याकडे उरतं ते बिल आणि बिलावरच्या शिव्या. आमच्याकडे खाण नाही. कोळसा विदर्भातून आणि त्याहून लांबून शेकडो किलोमीटर येतो, म्हणून आमची वीज महाग पडते, आणि स्वस्त वीज आधी घ्यायची या मेरिट ऑर्डरच्या नियमात आमचा नंबर मागे लागतो. त्यात रेल्वे प्रवासी भाड्यातली तूट मालभाड्यातून भरून काढते. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबई करणारा माझा पासधारक शेजारी एकलहऱ्याच्या धुराबद्दल कुरकुर करतो. त्याच्या पासाला कोळशाच्या वाघिणींचा हातभार आहे, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

कराचीही अशीच गंमत आहे, आणि ती वाचकांना माहीत असावी. २०१० च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जी यांनी कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. त्यातून स्वच्छ ऊर्जेसाठी राष्ट्रीय निधी उभा राहायचा होता. कल्पना उत्तम होती. जो धूर करतो त्याच्याकडून घ्या आणि सौर-पवन विजेला द्या. २०१४ मध्ये उपकर १०० झाला, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. आमचा २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण भारावर दिवसाला तीन ते साडेतीन हजार टन कोळसा खातो. चारशेच्या हिशेबाने एका संचामागे रोजचे बारा ते चौदा लाख रुपये. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा पैसा राज्यांची करतूट भरायला वळला. स्वच्छ ऊर्जेचं नाव गेलं, वसुली राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकरही गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. ऐकायला कर वाढल्यासारखं वाटतं. पण दीड हजार रुपये टनाच्या हलक्या कोळशाचं गणित मांडून पाहा. आधी ७५ अधिक ४०० म्हणजे ४७५ रुपये, आता २७०. जितका हलका आणि राखेचा कोळसा, तितकी सवलत जास्त. सौर साहित्यावरचा जीएसटी त्याच दिवशी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हे चांगलं झालं. तोच कर ऑक्टोबर २०२१ पूर्वी ५ टक्केच होता, हे मात्र बातम्यांत कुठे दिसलं नाही.

आता दुसरी बाजू. दिल्लीने मनावर घेतलं की काय होतं हे आपण पाहिलंय. एलईडी बल्बची सरकारी खरेदी किंमत २०१४ मध्ये ३१० रुपये होती. एकदम मोठ्या संख्येने खरेदी सुरू केल्यावर दोन वर्षांत ती ३८ वर आली. सौर विजेचा भाव डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात युनिटला १ रुपया ९९ पैसे लागला. ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ मध्ये पंतप्रधानांनी २०३० ची उद्दिष्टं आणि निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० ची तारीख दिली, तेव्हा आमच्या निवृत्तांच्या कट्ट्यावर हसू झालं होतं. पण वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म इंधनाचा करायचं उद्दिष्ट २०३० चं होतं, ते २०२५ मध्येच गाठलं. इथे तारीख का पाळली गेली? कारण सौर प्रकल्पवाल्याला पंचवीस वर्षांचा खरेदी करार मिळतो, बँक त्या करारावर कर्ज देते, आणि मुदतीत वीज दिली नाही तर दंड बसतो. धुराच्या तारखेमागे असा करार नव्हता, आणि दंड कागदावर आला तरी तारीखच पुढे सरकत गेली.

मेहुण्याच्या शेतावरही केंद्र-राज्याच्या योजनेतून सौर पंप बसला, दहा टक्के रक्कम भरून. बसवणाऱ्या ठेकेदाराचा फोन लागत नाही ही वेगळी तक्रार आहे. पण रात्रीच्या पाळीला बॅटरी आणि काठी घेऊन, बिबट्याच्या धाकात उसाच्या कडेने जाणं बंद झालं. याची किंमत शहरातल्या माणसाला कळायची नाही.

क्षमता मात्र वेगळी आणि वीज वेगळी. तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. सूर्य मावळला, घरोघरी दिवे, टीव्ही, मिक्सर चालू झाले की भार येतो तो कोळशावर. म्हणून केंद्र आता सांगतं, की दुपारी सौर वीज मुबलक असताना कोळशाचे संच ५५ टक्क्यांपर्यंत, पुढे ४० टक्क्यांपर्यंत खाली आणा आणि संध्याकाळी पुन्हा वर न्या. धोरण म्हणून बरोबरच आहे. पण एकलहऱ्याचे आजचे तिन्ही संच १९७९ ते १९८१ मधले, सरळ एका भारावर वर्षानुवर्षं चालायला बांधलेले. भार फार उतरवला की ज्वाला डळमळते, तिला धरून ठेवायला तेल जाळावं लागतं. रोज तापवायचं, रोज निववायचं, यात बॉयलरच्या नळ्या थकतात आणि एक दिवस गळतात. मग संच बंद, आणि आमच्यातला कोणीतरी भट्टी निवायची वाट पाहत बाहेर उभा. दिल्लीतल्या तक्त्यावर ४० हा आकडा लिहिताना त्या माणसाचा विचार कोणी केला असेल असं वाटत नाही.

याच संचांचं पुढे काय? १४० मेगावॅटचे दोन जुने संच पूर्वीच निवृत्त झाले. उरलेले ६३० मेगावॅट. ६६० मेगावॅटचा नवा संच येणार, हे मी नोकरीत असल्यापासून ऐकतो आहे. आलेला नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने सांगितलं, की २०३० पर्यंत कोळशाचे संच निवृत्त करू नका, विजेची मागणी वाढते आहे. धुराच्या नियमांत मात्र अशी सोय आहे, की २०३० संपण्यापूर्वी निवृत्त होण्याची हमी लिहून द्या आणि गंधकाच्या मर्यादेतून सुटा. एक खातं म्हणतं थांबा, दुसरं म्हणतं जाण्याची तारीख लिहून द्या. मध्ये संच, त्यावरचे कंत्राटी कामगार, राखेच्या विटा पाडणारे, कोळशाच्या गाड्यांवर अवलंबून असलेल्या टपऱ्या. जो संच किती वर्षं चालणार हेच ठरलेलं नाही त्यावर कोणता अधिकारी दुरुस्तीचा मोठा खर्च मंजूर करील?

इथे मला ब्रिटनचं उदाहरण आठवतं. आपली धुराची अधिसूचना निघाली त्याच्या तीनच आठवडे आधी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, तिथल्या ऊर्जामंत्री अँबर रड यांनी कोळशाची वीज २०२५ पर्यंत बंद करणार असं जाहीर केलं. पुढे ती तारीख लांबली नाही, उलट अलीकडे ओढली, ऑक्टोबर २०२४ वर. ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफ-ऑन-सोर हे २,००० मेगावॅटचं शेवटचं केंद्र थांबलं. मधल्या काळात ब्रिटनने सहा पंतप्रधान पाहिले, युरोपीय संघ सोडला. तारीख टिकली, कारण तिच्यामागे २००८ चा हवामान कायदा होता आणि कोळसा परवडू नये इतका कार्बनवरचा कर होता. तिथल्या माझ्यासारख्या बॉयलरवाल्याला आपली नोकरी कधी संपणार हे काही वर्षं आधी ठाऊक होतं. ब्रिटनने १८८२ पासून कोळशाची वीज वापरली, त्यांच्याकडे समुद्रातला वायू आणि वारा आहे, आपली अजून बरीच गरज भागायची आहे. त्यांची तारीख आपण घ्यावी असं मी मुळीच म्हणत नाही. अमेरिकेसारखा पॅरिसचा हवामान करार सोडायचा, धरायचा आणि पुन्हा सोडायचा, हा मार्गही आहेच. आपली तारीख आपण उशिराची ठरवू. पण ठरवली की ती राजपत्राच्या एका ओळीने पुसता येऊ नये.

आपल्याकडे हवामानाचा असा एकछत्री कायदा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्षी आणि सौर वीजवाहिन्यांच्या खटल्यात नमूद केलं आहे, आणि हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क राज्यघटनेच्या १४ आणि २१ या अनुच्छेदांत पाहिला आहे. त्यानंतर सव्वा वर्षाने 'क' गटाची सूट निघाली.

जुलै २०२५ च्या अधिसूचनेनुसार २०११ च्या जनगणनेत दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आतल्या, म्हणजे 'अ' गटातल्या, केंद्रांना डिसेंबर २०२७ ची मुदत आहे. त्या जनगणनेत नाशिक पंधरा लाखांच्या जवळ होतं, आणि एकलहरे नाशिकरोडला खेटून आहे. २०२७ म्हटलं की इथे सगळ्यांना सिंहस्थच आठवतो. रस्ते खणले जात आहेत, घाटांची कामं चालू आहेत, कारण पर्वणीला मुदतवाढ मागता येत नाही हे प्रत्येक ठेकेदाराला पक्कं माहीत आहे.

नाशिक आणि दिंडोरीच्या खासदारांना माझी विनंती आहे, की पुढच्या अधिवेशनात एक तारांकित प्रश्न विचारावा. त्यांचा वेळ वाचावा म्हणून मजकूर मीच लिहून देतो:

"एकलहरे येथील २१० मेगावॅटच्या तीन संचांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा आज कोणत्या गटाखाली आणि कोणत्या तारखेपासून लागू आहे, ३१ डिसेंबर २०३० पूर्वी ते निवृत्त करण्याची लेखी हमी देण्यात आली आहे काय, असल्यास त्या जागी काय उभारले जाणार आहे आणि तेथील कायम व कंत्राटी कामगारांसाठी कोणती तरतूद केली आहे, आणि यातील कोणतीही तारीख पुन्हा बदलायची झाल्यास शासन तो प्रस्ताव कारणांसह आधी सभागृहापुढे ठेवील काय?"

उत्तर आलं तर आपल्या दैनिकात तारखांसकट छापावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बॉयलर कर्मचारी
जेल रोड, नाशिकरोड